जुन्या जीप-पिकअपसाठीं बदली गिअरबॉक्स कसा निवडावा

आपल्या बीड जिल्ह्यांत, विशेषतः बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यांत, मागें उघडा हौदा असलेल्या जुन्या जीप गाड्या अद्याप बऱ्याच शेतकऱ्यांच्या दारीं उभ्या आहेत. पाटोदा, धारूर, आष्टी या तालुक्यांत सीताफळाच्या हंगामांत करंड्या उतारावरून खालीं आणण्यास, दुधाच्या किटल्या पोहोंचविण्यास, कडबा व पाण्याची मोटार वाहण्यास त्या अजून कामीं पडतात. इंजिन बिघडलें तर तालुक्याचा मिस्त्री तें उघडून बांधून देतो. परंतु गिअरबॉक्स गेला कीं मालक अडतो. नवा मागावा तर दुकानदार नाहीं म्हणतो, आणि जुना मागावा तर भंगारवाला जो हातीं लागेल तो "हाच तुमचा" म्हणून गळ्यांत बांधतो. या प्रसंगीं काय पाहावें, काय मोजावें आणि कोणता माल नाकारावा, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

हा विषय केवळ पैशाचा नाहीं. धारूरच्या किंवा मांजरसुंब्याच्या घाटांत भरलेली गाडी उतरत असतां दुसरा गिअर आपोआप सुटला, तर गाडीचा सगळा भार एकाएकीं ब्रेकवर येतो, आणि या जुन्या गाड्यांचे ब्रेक अशा वेळीं तापून निकामी होण्यास उशीर लागत नाहीं. म्हणून "चालतंय तोंवर चालूं द्या" ही वृत्ति गिअरबॉक्सच्या बाबतींत सोडलीच पाहिजे.

गाडीची वंशावळ

जमीन खरेदी करण्यापूर्वीं आपण सातबारा पाहतों, फेरफार पाहतों, हद्दीच्या खुणा पाहतों. गिअरबॉक्सचेंही तसेंच आहे. आपल्या गाडींत मूळ कोणता डबा होता, मधल्या मालकांनीं कोणता घातला, हें आधीं ठरविलें पाहिजे.

जीपचा जन्म दुसऱ्या महायुद्धांत झाला. १९४१ ते १९४५ या काळांत अमेरिकेंतील विलीज व फोर्ड या दोन कारखान्यांनीं लष्करासाठीं त्या मोठ्या संख्येनें बांधल्या. त्यांत टी-८४ नांवाचा तीन गिअरांचा हलका डबा असे. युद्ध संपल्यावर १९४५ सालीं विलीजनें नागरी उपयोगाची जीप काढली, व तींत त्याहून मजबूत असा टी-९० हा डबा बसविला. यालाही पुढचे गिअर तीनच. आपल्याकडे १९४५ सालीं लुधियान्यास महिंद्रा अँड महंमद या नांवानें पेढी निघाली. तिनें १९४७ सालीं मुंबईस विलीज जीपांची जुळणी सुरू केली आणि १९४८ सालीं ती महिंद्रा अँड महिंद्रा झाली. पुढें सीजे-३बी ही उंच बोनेटची जीप आणि एफसी-१५० ही चालकाची केबिन इंजिनावर असलेली चपट्या तोंडाची पिकअप या महिंद्राच्या गाड्या देशभर पसरल्या. या पेट्रोल गाड्यांचा नेहमींचा डबा टी-९० हाच होय.

नंतर डिझेलचा काळ आला. कांहीं गाड्यांत ट्रॅक्टरच्या जातीचें डिझेल इंजिन, तर एमएम-५४० सारख्या गाड्यांत प्यूजो कंपनीच्या नमुन्याचें एक्सडीपी ४.९० हें इंजिन आलें. त्याबरोबर केएमटी-९० हा चार गिअरांचा डबा आला, आणि आर्माडा, बोलेरो या गाड्यांत बीए-१० हा पांच गिअरांचा डबा बसला. नांवांतील ९० या आंकड्यावरून टी-९० व केएमटी-९० हे एकच असा घोटाळा बाजारांत सर्रास होतो. ते दोन अगदीं भिन्न डबे आहेत. एकाचें दांतेरी चाक दुसऱ्यांत चालत नाहीं.

आपली गाडी कागदोपत्रीं कांहींही असो, प्रत्यक्ष खालीं वांकून डब्याच्या ओतीव लोखंडावरील उठावाचीं अक्षरें वाचावीं. वर्षानुवर्षांची माती व ग्रीस घासून काढल्याशिवाय तीं दिसत नाहींत. डिझेल टाकून तारेच्या ब्रशनें घासावें. चाळीस-पन्नास वर्षांत चार मालक झालेल्या गाडीच्या पोटांत मूळचा डबाच असेल असें धरून चालूं नये.

दोष खरोखर गिअरबॉक्सचाच आहे काय

पुष्कळ वेळां दोष भलतीकडेच असतो आणि डबा मात्र बदलला जातो. गाडी उभी ठेवून, गिअर न्यूट्रलमध्यें घेऊन इंजिन चालूं ठेवावें व क्लचवरून पाय काढावा. त्या वेळीं घरघर येत असून क्लच दाबतांच ती थांबत असेल, तर दोष डब्याच्या आंत आहे. बहुधा पुढच्या शाफ्टचें बेअरिंग, किंवा ज्यावर खालचा दांत्यांचा संच फिरतो त्या लेअर शाफ्टच्या सुया झिजलेल्या असतात. याच्या उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर क्लचचें रिलीज बेअरिंग पाहावें. तें स्वस्त काम आहे.

गिअर टाकतांना करकर होते ही दुसरी तक्रार. टी-९० मध्यें पहिल्या व मागच्या गिअरला सिंक्रो नसतो. म्हणजे गाडी चालत असतां पहिला गिअर टाकूं गेल्यास दांतावर दांत आपटणारच. तो रोग नव्हे, ती या डब्याची जातच आहे. तरुण चालकांस आजच्या गाड्यांची संवय असते, त्यामुळें ते हाच दोष समजतात. मात्र गाडी अगदीं उभी असतांनाही पहिला पडत नसेल, तर बहुधा क्लच पूर्ण सुटत नाहीं. पायाच्या पट्टीचें अंतर, दांडीची झीज, क्लच प्लेटचा वांकडेपणा यांची तपासणी प्रथम करावी.

तिसरी तक्रार, आणि हीच महत्त्वाची, गिअर सुटण्याची. टी-९० चा दुसरा गिअर जुना झाल्यावर सुटूं लागतो हें सर्व मिस्त्रींस ठाऊक आहे. कारणें अनेक असतात. सिंक्रोच्या बाहीचे दांत गोल झालेले असतात, शाफ्टाला पुढेंमागें खेळ आलेला असतो, फोर्क झिजलेला असतो, अथवा झांकणांतील गोळीमागची स्प्रिंग मेलेली असते. परंतु डबा उघडण्यापूर्वीं बेल हाऊसिंगचे बोल्ट ढिले आहेत काय, व डब्याखालचें फाउंडेशन रबर फुटलें आहे काय, हें पाहावें. रबर फुटलें कीं भार घेतांना व सोडतांना डबा उचलला जातो आणि गिअर हातांतून निसटावा तसा सुटतो. रबराचा एक तुकडा बदलून जो दोष जावा, त्यासाठीं सगळा गिअरबॉक्स बदलण्यांत अर्थ नाहीं.

शेवटीं डब्याचें तेल एका पांढऱ्या थाळींत काढावें. बोटाला लागेल न लागेल अशी बारीक पिवळट-करडी भुकटी असेल तर ती वयाची खूण आहे. डोळ्यांस दिसणारे कण, चुरा किंवा दांताचा तुकडा निघाला, तर डबा उघडल्याखेरीज गाडी पुढें नेऊं नये.

दुसऱ्या गिअरवर एवढा भर कां

येथें थोडें गणित करणें अवश्य आहे. तें पाटीवर करून पाहावें.

टी-९० चा पहिला गिअर २.७९८, दुसरा १.५५१ आणि तिसरा १ असा आहे. म्हणजे पहिल्यांत इंजिनाचे जवळजवळ दोन पूर्णांक चार पंचमांश फेरे झाले कीं डब्याच्या मागच्या शाफ्टाचा एक फेरा होतो. मागच्या गिअरचा हिशेब ३.७९८. त्यामागें जो ट्रान्सफर केस असतो, त्याच्या लो बाजूस आणखी २.४६ पट घट होते. आणि सीजे-३बी सारख्या गाड्यांच्या क्राऊन-पिनियनची घट ५.३८ असते, म्हणजे क्राऊनला ४३ दांत व पिनियनला ८.

आतां गुणाकार करूं. लो बाजूस पहिला गिअर घेतल्यास २.७९८ गुणिले २.४६ गुणिले ५.३८, म्हणजे सुमारें ३७. सोळा इंची जुन्या मापाच्या टायरचा एक फेरा सुमारें २.२ मीटर धरला, तर इंजिन मिनिटास १००० फेऱ्यांवर असतां गाडी तासाला साडेतीन किलोमीटर चालते. ही बैलजोडीची चाल झाली. नांगरटींतून खत टाकीत जाण्यास, चिखलांतून ओढण्यास ही चाल सोन्यासारखी आहे. हाय बाजूस पहिल्या गिअरांत घट १५, दुसऱ्यांत ८.३ आणि तिसऱ्यांत ५.३८ राहते. इंजिन २००० फेऱ्यांवर ठेवल्यास तिसऱ्यांत वेग सुमारें ४९, दुसऱ्यांत सुमारें ३२ व पहिल्यांत साडेसतरा किलोमीटर पडतो.

या आंकड्यांतून घाटाचा प्रश्न उलगडतो. लो बाजू घ्यावयाची तर या ट्रान्सफर केसमध्यें पुढचीं चाकेंही जोडावीं लागतात. आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढचीं-मागचीं चाकें एकत्र बांधून चालविल्यास वळणावर दोहोंचे फेरे जुळत नाहींत. मग सगळा ताण शाफ्ट, क्रॉस व दांते यांवर येतो. म्हणून डांबरी घाटांत लो बाजू घेतां येत नाहीं. पहिला गिअर सिंक्रो नसल्यामुळें चालत्या गाडींत पडत नाहीं, आणि तिसऱ्यांत इंजिनाचा आडकाव पुरत नाहीं. राहिला फक्त दुसरा. भरलेली जीप-पिकअप घाट उतरते ती या एका गिअरच्या जिवावर. सबब बदली डबा निवडतांना ज्याच्या दुसऱ्या गिअरबद्दल लेशमात्र शंका असेल तो, फुकट मिळाला तरी, घेऊं नये असें माझें स्पष्ट मत आहे.

आपल्या गाडीची क्राऊन-पिनियन घट किती, हें हाउसिंग न उघडतां काढतां येतें. सपाट जागीं गाडी उभी करून पुढच्या चाकांस दोन्हीं बाजूंनीं दगड लावावे. मागचें एकच चाक जॅकनें उचलून खालीं भक्कम लांकडी ठोकळा द्यावा. दुसरें मागचें चाक जमिनीवरच राहूं द्यावें. गिअर न्यूट्रलमध्यें घेऊन हँडब्रेक सोडावा, पुढचीं चाकें सुटलेलीं असावीं. शाफ्टावर व चाकावर खडूची खूण करून उचललेलें चाक हातानें बरोबर दोन पूर्ण फेरे फिरवावें आणि तितक्यांत शाफ्टाचे फेरे किती झाले तें मोजावें. तीच घट. एक चाक स्थिर असल्यानें दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक फेरा होतो, म्हणून दोन फेरे घ्यावयाचे. शाफ्ट पांच फेरे पूर्ण करून आणखी तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक फिरला, तर ५.३८ ची जोडी समजावी. पांच फेऱ्यांस थोडा कमी पडला, तर ४.८८ ची.

निवडीच्या वाटा

पहिली वाट आपलाच डबा दुरुस्त करण्याची. डब्याचें ओतीव घर शाबूत असेल, लेअर शाफ्ट ज्या भोंकांत बसतो तीं भोंकें वाढलेलीं नसतील, तर बेअरिंगें, सुया, सिंक्रो रिंगा, स्प्रिंगा व एखाद-दुसरें चाक बदलून जुना डबा पुष्कळ वर्षें जातो. जीपांचा प्रसार मोठा असल्यानें टी-९० चे सुटे भाग मुंबईच्या कुर्ला भागांतील जुन्या मालाच्या बाजारांत शोधल्यास मिळूं शकतात. येणें-जाणें व खोटी झालेले दिवस धरूनही ही वाट बहुधा स्वस्त पडते, आणि गाडींतील दुसऱ्या कोणत्याही वस्तूस हात लावावा लागत नाहीं. डब्याचें घर मात्र तडकलेलें असेल तर या वाटेनें जाऊं नये. ओतीव लोखंडाला दिलेला टांका कधीं धरतो, कधीं धरीत नाहीं. घाटांत त्याची परीक्षा घेण्याचें कारण नाहीं.

दुसरी वाट दुसऱ्या गाडीचा टी-९० आणण्याची. मोडीत निघालेली गाडी जालन्याच्या पोलाद भट्ट्यांकडे जाण्यापूर्वीं तिचा डबा उतरून घेणारे लोक असतात, त्यांच्याकडे चौकशी ठेवावी. शक्य तर डबा व ट्रान्सफर केस जोडलेले असे एकत्रच घ्यावे. कारण डब्याचा मुख्य शाफ्ट मागें ट्रान्सफर केसमध्यें शिरतो व त्याच्या टोकाला ट्रान्सफरचें चाक बसतें. वेगवेगळ्या गाड्यांचे अर्धे-अर्धे भाग जुळवितांना या ठिकाणीं घोटाळा होतो. युद्धकाळच्या टी-८४ व टी-९० यांची आंतील चाकेंही एकमेकांत मिसळूं नयेत.

तिसरी वाट चार गिअरांच्या केएमटी-९० ची. आपल्या गाडींत महिंद्राचें डिझेल इंजिन मूळचेंच असेल, तर ही वाट सरळ आहे. पेट्रोल इंजिनाच्या मागें तो बसवावयाचा असेल, तर बेल हाऊसिंग, क्लच प्लेट, फ्लायव्हीलमधील पायलट बुश, फाउंडेशनची जागा व शाफ्टाची लांबी या पांचही गोष्टी बदलतात. "लेथवर पट्टी करून बसवूं" असें मिस्त्री सहज म्हणतो. पण ती पट्टी इंजिनाच्या शाफ्टाशीं अगदीं मध्यावर न बसली, तर पुढचें बेअरिंग थोड्याच दिवसांत घरघरूं लागतें व दुसरा गिअर पुन्हां सुटूं लागतो. म्हणजे ज्या रोगासाठीं औषध केलें तोच रोग नव्या घरांत येतो. ज्या मिस्त्रीनें हें काम पूर्वीं केलें आहे, आणि ज्याची केलेली गाडी आपण स्वतः चालवून पाहिली आहे, त्याच्याकडेच तें द्यावें.

चौथी वाट पांच गिअरांची. हमरस्त्यावर बीड किंवा अहिल्यानगरपर्यंत भाजी-फळें नेणाऱ्यास ही मोहक वाटते. पांचवा गिअर ०.८५ चा आहे असें धरूं. मग ५.३८ ची घट ४.५७ होते आणि २००० फेऱ्यांवर ४९ च्या जागीं सुमारें ५८ किलोमीटर वेग मिळतो. इंजिनाची धांव कमी होते, आवाज कमी होतो, हें खरें. पण ब्रेक जुनेच, स्टीअरिंग जुनें आणि पाटेही जुनेच राहतात. गाडीला वेग देणें सोपें, तिला थांबविणें कठीण. पांच गिअरांचा डबा बसविणाऱ्यानें ब्रेकचें काम आधीं करून घ्यावें आणि मगच डब्याकडे वळावें.

या दोन शेवटच्या वाटांत एक फसवणूक नेहमीं होते, ती विस्तारानें सांगितली पाहिजे. बाजारांत मागचींच चाकें फिरविणाऱ्या गाड्यांचे डबे मुबलक व स्वस्त मिळतात. त्यांस ट्रान्सफर केस नसतो. विक्रेता म्हणतो, "फोर बाय फोर तुम्हांला कशाला? हाच घ्या, वजनही वांचेल." परंतु जुन्या जीपचा मागचा शाफ्ट गाडीच्या मध्यरेषेवरून न निघतां एका बाजूस सरकून ट्रान्सफर केसमधून निघतो, आणि मागच्या धुरीचा गोळाही त्याच बाजूस सरकलेला असतो. डबा मध्यभागीं शाफ्ट देणारा बसविला, तर शाफ्ट तिरका पळतो. क्रॉस लवकर खातात, आणि भरल्या गाडींत शाफ्ट थरथरतो. याहून गंभीर गोष्ट अशी कीं, या गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशीं असलेल्या ड्रमवर असतो. ट्रान्सफर केस काढला कीं हँडब्रेकच गेला. डोंगरउतारावर गाडी उभी करून करंड्या भरणाऱ्या माणसानें याचा अर्थ स्वतःच समजून घ्यावा. आखूड जीपमध्यें आणखी एक अडचण येते. धुऱ्यांमधील अंतर ८० इंचच असल्यानें डबा चार बोटें जरी लांब असला तरी मागचा शाफ्ट तेवढा आखूड होतो व त्याचा उतार वाढतो.

माझ्या मतें डोंगरांतील शेतीकामास, आणि महिन्यांतून दोन-चार बाजारफेऱ्यांस, चांगला बांधलेला टी-९० पुरेसा आहे. ज्याची गाडी मूळची डिझेल आहे त्यानें चार गिअरांचा डबा ठेवावा. ज्यास रोज शंभर किलोमीटर धांवावयाचें आहे त्यानें जुन्या जीपचा डबा बदलण्यापेक्षां गाडी बदलावी.

डबा पारखतांना

जनावराच्या बाजारांत आपण दांत पाहतों, खूर पाहतों, चालवून पाहतों. येथेंही तसेंच. विक्रेत्यास झांकण उघडावयास सांगावें. तो कांकूं करील तर पुढील दुकान गांठावें.

प्रथम ओळख पटवावी. पहिला गिअर टाकून मागचा शाफ्ट हातानें दहा फेरे फिरवावा व पुढच्या शाफ्टाचे फेरे मोजावे. टी-९० असेल तर अठ्ठावीस होतील, टी-८४ असेल तर सत्तावीसही पुरे होणार नाहींत. एका फेऱ्यावरून हा फरक कळत नाहीं, म्हणून दहा घ्यावे. त्यानंतर दुसऱ्यांत मोजावें, ते साडेपंधरा येतील. मोजीत असतां कोठें अडकतें काय, एका ठिकाणींच टकटक होते काय, याकडे कान ठेवावा. टकटक म्हणजे दांताला टवका गेला आहे.

मग दांत पाहावे. पहिल्या व मागच्या गिअरचें जें सरकणारें चाक असतें, त्याच्या दांतांच्या कडा चालकांच्या घाईमुळें गोल होतात. थोडी गोलाई चालते. अर्ध्या दांतापर्यंत खाल्लेलें चाक मात्र नको. दुसऱ्या गिअरच्या सिंक्रोशेजारीं जे बारीक दांत असतात ते टोंकदार असावे. बोट फिरवून पाहिलें कीं कळतें. लेअर संच बोटांनीं पुढेंमागें व वरखालीं हलवावा. वरखालीं हलत असेल तर सुया किंवा शाफ्ट गेला. फोर्कची जाडी दोन्हीं टोंकांस सारखी आहे काय तें पाहावें. घराच्या बाहेरून बोल्टांचे कान, तळ, व शाफ्टाच्या भोंकांभोंवतीं डिझेल लावून पुसावें व वर खडूची पूड चोळावी. तडा असल्यास थोड्या वेळानें तेथें ओलसर रेघ उमटते. नुकताच रंग दिलेला डबा दिसला तर ही परीक्षा दुप्पट काळजीनें करावी. जुन्या डब्याला रंगाची गरज नसते, विक्रेत्याला असते.

आपली क्लच प्लेट सोबत न्यावी आणि डब्याच्या पुढच्या शाफ्टावर सरकवून पाहावी. ती खडखड न करतां सहज सरकली पाहिजे. जीपच्या क्लच प्लेटा साडेआठ इंची व सव्वानऊ इंची अशा दोन मापांच्या आढळतात. आपल्या फ्लायव्हीलला कोणती आहे तें घरूनच मोजून निघावें.

कागद

महसूल कचेरींत आयुष्य गेल्यानें कागदाविषयीं मला जरा अधिक लिहावेंसें वाटतें, तरी थोडक्यांत सांगतों. नोंदणी पुस्तकांत चॅसी क्रमांक व इंजिन क्रमांक असतो. गिअरबॉक्सचा क्रमांक नसतो. म्हणून त्याच जातीचा डबा बदलल्यानें नोंदींत फरक पडत नाहीं. पण कित्येक विक्रेते "इंजिनासकट पूर्ण संच घ्या, स्वस्त पडेल" म्हणतात. तो संच घेतला कीं इंजिन क्रमांक बदलला, कदाचित् इंधनही बदललें. मोटार वाहन अधिनियम, १९८८, कलम ५२ प्रमाणें असा बदल नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मंजुरीवांचून करतां येत नाहीं. निर्मात्यानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानेंही जानेवारी २०१९ मध्यें दिला आहे. डबा बसावा म्हणून चॅसीचे आडवे दांडे कापण्यापूर्वीं याचा विचार करावा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनीं संपून पुढें पांच पांच वर्षांनीं नूतनीकरण करावें लागतें. त्या वेळीं बीडच्या किंवा अंबाजोगाईच्या परिवहन कार्यालयांत तपासणी करणारा अधिकारी खालीं वांकून पाहतो.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठीं २०२१ च्या नियमांनीं विंटेज नोंदणीची सोय झाली आहे. नवीन नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क व दहा वर्षें मुदत. नांव ऐकून कांहीं शेतकरी तिकडे वळतात. परंतु त्या नोंदणीवर गाडी रस्त्यावर नित्य वापरासाठीं किंवा धंद्यासाठीं चालवितां येत नाहीं. ती प्रदर्शन, विंटेज गाड्यांची रॅली अशा प्रसंगांची सोय आहे, करंड्या वाहणाराची नव्हे.

डबा घेतांना पावती घ्यावी, व तींत डब्याची जात आणि तो कोणत्या गाडीचा आहे तें लिहवून घ्यावें. चोरीच्या गाड्यांचेही सुटे भाग बाजारांत येतात. पावती न देणाऱ्याशीं व्यवहार करूं नये. "आंतून खराब निघाल्यास इतक्या दिवसांत परत" हें वाक्य तोंडी ऐकूं नये, पावतीवर घ्यावें.

बसवितांना

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कोणीही खालीं जाऊं नये. लांकडी ठोकळे किंवा लोखंडी घोड्या दिल्याच पाहिजेत. डबा व ट्रान्सफर केस मिळून जड असतात. दोघांनीं धरावा, एकानें बोल्ट लावावे. डब्याचा पुढचा शाफ्ट क्लच प्लेटमध्यें शिरल्यावर सर्व बोल्ट लागेपर्यंत डब्याचा भार शाफ्टावर लोंबकळत ठेवूं नये, प्लेट वांकते. बोल्ट आवळून डबा जवळ ओढण्याची घाई मिस्त्री करतात, ती करूं देऊं नये. डबा हातानें बेल हाऊसिंगला पूर्ण टेकला पाहिजे. टेकत नसेल तर आंत कांहींतरी अडलेलें आहे. पायलट बुश, रिलीज बेअरिंग, फाउंडेशन रबर व दोन्हीं शाफ्टांचे क्रॉस याच वेळीं नवे घालावे. मजुरी एकदांच पडते.

तेल जीएल-४ जातीचें, ८०-९० जाडीचें घालावें. दुकानदार बहुधा जीएल-५ पुढें करतो. त्यांतील गंधकयुक्त द्रव्य जुन्या डब्यांतील पितळी रिंगांस मानवत नाहीं. डबा व ट्रान्सफर केस दोहोंत एकच तेल असावें, कारण शाफ्टाच्या बेअरिंगमधून तें थोडें इकडून तिकडे झिरपतेंच. भरण्याच्या भोंकाच्या कडेपर्यंत तेल आलें कीं थांबावें.

पहिले पांचशे किलोमीटर हौदा निम्माच भरावा. पहिल्या दिवशीं सपाट रस्त्यावर दुसऱ्या गिअरांत वेग घेऊन पाय एकदम सोडावा, पुन्हां दाबावा, पुन्हां सोडावा. असें दहा-बारा वेळां करूनही गिअर सुटला नाहीं, तर दुसऱ्या दिवशीं रिकाम्या गाडीनें लहान उतारावर तीच परीक्षा घ्यावी, व त्यानंतरच भरलेली गाडी घाटांत न्यावी. पांचशे किलोमीटर झाल्यावर तेल गरम असतांनाच पांढऱ्या थाळींत काढावें, पाहावें, व नवें भरावें. बेल हाऊसिंगचे आणि फाउंडेशनचे बोल्ट त्याच दिवशीं पुन्हां आवळावे.